कापसाच्या खोलीचा हॉल

जीप दारात थांबली तेव्हा प्रेमानंद ओट्यावर बायकोची लाल ओढणी हातात घेऊन उभा होता. ती कशासाठी, हे समताच्या ध्यानात आलं नाही. तिला वाटलं, मायला उतरवताना कमरेला आधार द्यायला घेतली असेल. खुब्याच्या हाडात स्क्रू घातलेल्या बाईला जीपमधून उतरवणं सोपं काम नव्हतं, आणि समताचं सगळं लक्ष वॉकर नीट टेकतो की नाही याकडे होतं. शेगावहून खामगावमार्गे उंद्रीपर्यंतच्या त्या रस्त्यानं धडधाकट माणसाचीही हाडं खिळखिळी झाली असती. शिवाय वाटेत तीनदा बाटली पुढे करूनही मायनं पाण्याचा एक घोट घेतला नव्हता.

"घरी गेल्यावर पिइन," एवढंच ती म्हणाली होती.

घराबाहेर पडायचं म्हटलं की माय पाणी पिणं सोडते, हे समता लहानपणापासून बघत आली होती. पण गेले अडीच महिने समताच्या शेगावच्या क्वार्टरमध्ये हीच बाई तांब्यावर तांब्या पाणी पीत होती आणि आज तर ती स्वतःच्या घरीच निघाली होती. मग आज पाणी का नको? हे वाटेतच विचारायला हवं होतं, असं समताला नंतर फार वाटलं.

"ताई, थांब, थांब!" प्रेमानंद पायऱ्या उतरत आला. "तसंच नाई जायचं आत. पहिले मायचे डोळे बांधू दे."

"काय?"

"डोळे. टीव्हीवर दाखवतेत ना, तसं. अन् तू माह्या मोबाइलमधी शूटिंग घे. हे बटन दाब फक्त."

"अरे, तिचा पाय पाह्य! आधीच एका पायावर जोर देता येत नाई अन् तू डोळे बांधतो?"

"मी धरतो ना तिले!"

अन्नपूर्णाबाई वॉकरवर भार देऊन उभी होती. साठीच्या पुढची, काटक बाई. दुखण्यानं अर्धी झाली होती, पण आवाज तोच.

"काऊन बांधून राह्यला बे? मी का घाण्याचा बैल हाय?"

"माय, एक मिनिट फक्त. सरप्राइज हाये."

तिनं पोराकडे पाहिलं. पस्तिशीचा बाप्या, पण डोळ्यांत जत्रेला निघालेल्या पोराचा आनंद होता. मागे दारात तिचा नवरा पंजाबराव पांढरा शर्ट घालून, दाढी करून हसत उभा होता. अन्नपूर्णाबाईनं मनात म्हटलं, केलेलं दिसते. चांगलंच केलेलं दिसते. बँकेच्या स्लिपांवर तिनं शेगावला बसून सह्या केल्या होत्या त्या याचसाठी.

"बांध बापा," ती म्हणाली. "हौस हाये तं बांध."

आणि तशा त्या बाईला, तिच्याच घराच्या तिच्याच दारातून, डोळे बांधून आत नेण्यात आलं. समतानं मोबाइलचं बटण दाबलं नाही.

*

ओढणी सुटली.

वर पांढरंशुभ्र छत होतं आणि त्या छताच्या पोटातून निळे-पिवळे दिवे भर दुपारी जळत होते. समोरच्या भिंतीवर खरखरीत सोनेरी रंग. त्यावर दाराएवढा रुंद टीव्ही. खाली आरसा वाटावी अशी फरशी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला सोफा, आणि कोपऱ्यात बुद्धाचा नुसता चेहरा, मागून प्रकाश सोडलेला.

प्रेमानंदच्या डोळ्यांत आधीच पाणी आलं होतं. तो आईच्या तोंडाकडे बघत होता. पंजाबराव बघत होते. स्वयंपाकघराच्या दाराशी सून संघमित्रा उभी होती, तीही बघत होती, पण खाली मान घालून.

अन्नपूर्णाबाईनं वर पाहिलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. वॉकर एक पाऊल पुढे टाकला तर त्याचं रबर फरशीवरून सर्रकन सरकलं. समतानं झडप घालून तिला धरलं.

"माय, कसं वाटते?" प्रेमानंदनं घोगऱ्या आवाजात विचारलं.

"कापसाची खोली कुठी गेली?"

"हेच ते! मधली भिंत काढली. दोनी खोल्यांचा एक हॉल केला."

"बरं," ती म्हणाली. "अन् संडास कुठी हाये?"

छतातला निळा दिवा पिवळा झाला, परत निळा झाला. तो तसा आपोआप बदलायचा, त्याचे नऊशे रुपये जास्त पडले होते.

*

प्रेमानंद वाईट मुलगा नव्हता. हे इथं सांगून टाकायला हवं, कारण पुढच्या तासाभरात घरातल्या एकानंही ते सांगितलं नाही.

चिखलीला बी-बियाणं आणि फवारणीची औषधं विकणाऱ्या दुकानात तो काउंटरवर असे. कापसाच्या बियाण्याची पाकिटं विकता विकता त्यानं कित्येकांची घरं उभी राहताना पाहिली होती आणि कित्येकांची बसतानाही. स्वतःच्या घराची मात्र त्याला लहानपणापासून लाज वाटे. दिवाळी झाली की पुढच्या दोन्ही खोल्यांत कापूस भरायचा, थेट आढ्यापर्यंत, आणि भाव येईपर्यंत, कधी होळीपर्यंत, घरातल्या माणसांनी उरलेल्या जागेत राहायचं. अंगाला खाज, केसांत सरकी, भाकरीत तंतू. शाळेतल्या एकाही मित्राला त्यानं कधी घरी आणलं नाही. संघमित्राचे वडील सोयरीक बघायला आले तेव्हा त्यांना अंगणात, बैलगाडीच्या साटीवर बसवावं लागलं होतं. आत कापूस होता.

आणि दर रविवारी अकरा वाजता टीव्हीवर तो कार्यक्रम लागायचा. पिवळी टोपी घातलेला एक गोरापान माणूस हातोड्याच्या एका घावात भिंत पाडायचा. सात दिवसांत घराचा महाल व्हायचा. सातव्या दिवशी घरच्यांना डोळे बांधून आणायचे, पट्टी सोडायची आणि म्हातारी माणसं ढसाढसा रडायची. दुकानात दांडगा म्हणून ओळखला जाणारा प्रेमानंद दर रविवारी त्यांच्याबरोबर रडायचा.

भादव्यात तांब्या घेऊन गेलेली माय नाल्याच्या चिखलात घसरून पडली तेव्हा त्यानंच तिला दोन्ही हातांवर उचलून आणलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, आता ही बाई आयुष्यात कधी उकिडवी बसणार नाही, खुर्चीसारखा संडास लागेल, घरात लागेल. त्या दिवशी त्यानं शपथ घेतली होती. शपथ खरी होती. पैसेही होते. गेल्या साली सगळ्या गावानं दिवाळीत कापूस विकला आणि अन्नपूर्णाबाई फाल्गुनापर्यंत अडून बसली. भाव सदुसष्टशेवर गेला तेव्हा चाळीस क्विंटल तिनं एका दिवसात काढला. घरखर्च जाऊन दोन लाख दहा हजार तिच्या नावावर पडले.

गावातल्या रहेमतुल्ला मिस्त्रीनं कॅलेंडरच्या पाठीवर अंदाज काढून दिला होता. शोषखड्डा, संडास, न्हाणी, पाण्याची टाकी. मग मागच्या भिंतीचा गिलावा आणि गळके पत्रे. आणि चाळीस हजार हात न लावता ठेवायचे, कारण जुनं घर उघडलं की आतून काय निघेल ते सांगता येत नाही. प्रेमानंद हो म्हणाला होता.

पण मग वाटलं, काम निघतच आहे तर भिंतही काढून घ्यावी. मिस्त्री म्हणाला, खड्डा झाल्याशिवाय मी भिंतीला हात लावत नाही. तेव्हा चिखलीहून एक ठेकेदार आला, रंगीत पुस्तक घेऊन. "एकदाच करायचं तर चांगलं करा, साहेब," तो म्हणाला. प्रेमानंदला आजवर कुणी साहेब म्हटलं नव्हतं. भिंत पडली तशी फरशी दोन रंगांची दिसायला लागली, म्हणून फरशी बदलली. फरशी चकचकीत झाली तर वरचे पत्रे खुपायला लागले, म्हणून छत केलं. छत झालं तर जुना पंखा भिकार दिसला. दिवे लागले तर भिंती कळकट दिसल्या. सोनेरी भिंतीवर जुना डबडा टीव्ही लावणार कसा? प्रत्येक वेळी खर्च थोडाच होता. प्रत्येक वेळी तो मनाशी म्हणे, संडास काय, उरलेल्यातून होईल.

उरलं काही नाही. सोफ्याला पंचवीस हजार कमी पडले, ते त्यानं कापसाच्या व्यापाऱ्याकडून यंदाच्या मालाचा इसार म्हणून आगाऊ घेतले.

*

"उरलेल्यातून?" समताचा आवाज चिरकला. "मायचा संडास तू उरलेल्यातून करणार होता?"

"ताई, मी का नाई म्हटलं का? होऊन जाइन! दोन महिन्याच्या पगारात होते."

"अन् दोन महिने तिनं काय करायचं? पैसे कोनाचे होते बे?"

"अगं, पण घर कोनाचं हाये? तिचंच ना! तिच्यासाठीच केलं मी सारं!"

"तिच्यासाठी? हा सोफा तिच्यासाठी? एवढा खाली, की बसली तं उठता येणार नाई तिले! ही फरशी तिच्यासाठी? आता पडली असती ती दुसऱ्यांदा!" समता आता गप्प बसणार नव्हती. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि उलट बोलणाऱ्या नातेवाइकांची तिला सवय होती. "त्या कार्यक्रमात घर करून देतेत, पण बिल कोन देते ते दाखवतेत का कधी? तुह्या मागं कोनती कंपनी उभी होती? अन् हे काय? बुद्धाचं नुसतं तोंड? आपल्या घरी? शोभेले?"

"शोरूममधी सारेच घेतेत."

"सारे घेऊ दे! तू काऊन घेतलं?"

पंजाबराव मध्ये पडले. "अगं समता, आल्या आल्या काय लावलं? पोरानं एवढं केलं, जरासं बरं म्हणता येत नाई का? संडास का पळून चालला? होते नं सवडीनं."

"बाबा, तुमी तं इथीच होते. तुमाले दिसत नोतं?"

"मले काय समजते त्यातलं? तो म्हणे, हे पहिले करू, ते मागून करू."

"मागून काय राहून राह्यलं, ते समजत नोतं?"

पंजाबरावांनी तोंड फिरवलं. खरं म्हणजे त्यांना समजत होतं. रोज संध्याकाळी दिवे लावून ते एकटे त्या हॉलमध्ये बसत होते आणि रस्त्यानं जाणारा थांबून आत बघत असे ते त्यांना आवडत होतं. शेजारी सख्ख्या भावाचं घर होतं, भाऊरावचं. शेताच्या धुऱ्यावरच्या एका बाभळीपायी नऊ वर्षं दोघांची बोलचाल बंद होती. भाऊरावच्या ओट्यावरून हे निळे दिवे थेट दिसत असणार, हे पंजाबरावांनी मनाशी नीट जोखलं होतं.

या सगळ्या आरडाओरड्यात अन्नपूर्णाबाई एक शब्द बोलली नव्हती. समतानं स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची आणून तिला बसवलं होतं. संघमित्रानं पाण्याचा गडवा पुढे केला. तिनं नुसती मान हलवली. संघमित्रा तशीच उभी राहिली. सासूच्या ओठावर घाम होता आणि पदर मुठीत घट्ट आवळलेला होता. संघमित्राला एका क्षणात कळलं. ती स्वतः या घरात आल्यापासून सहा वर्षं पहाटे अंधारात गावाबाहेर जात होती आणि मग दिवसभर हेच करत होती. हे कळायला तिला कुणी सांगावं लागत नव्हतं.

"आई," ती हळूच म्हणाली, "जायचं हाये का?"

"सकाळपासून," अन्नपूर्णाबाई म्हणाली.

संघमित्रानं गडवा खाली ठेवला.

"मी केली ना सोय!" प्रेमानंद एकदम पुढे आला. "खुर्ची आणली मी चिखलीहून. प्लास्टिकची, मधात भोक असलेली. मागच्या अंगणात ठेवतो, भोवताल ताडपत्री बांधतो. दोन मिनिटांत होते."

"अंगणात?" समता म्हणाली. "तिनं उघड्यावर खुर्चीत बसायचं? अन् तू इथी दिव्याखाली सोफ्यावर?"

"उघड्यावर नाई, ताडपत्री..."

"ताडपत्री कापसावर हाये," संघमित्रा म्हणाली.

नवऱ्यानं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की दुसऱ्या कुठल्या दिवशी ती आत निघून गेली असती. आज ती गेली नाही.

"कापसावर?" अन्नपूर्णाबाईनं मान वर केली. "कापूस बाहीर हाये?"

"हो आई. दोन वेचे झाले. बावीस क्विंटल. घरात जागा नाई म्हणून मागं अंगणात लावला. पाचाले व्यापाऱ्याची गाडी येऊन राह्यली. यायनं पंचवीस हजार इसार घेऊन विकला."

"मित्रा, तू गप बस!"

"काऊन गप बसू? दोन महिने गप बसली. तुमाले किती डाव म्हटलं, पहिले संडास करा, आईले जमणार नाई, मले बी जमून नाई राह्यलं. तुमी म्हणाले, तुले सौंदर्यातलं समजत नाई. नाई समजत मले. मले पोटातलं दुखणं समजते!"

अन्नपूर्णाबाईनं हात वर केला. संघमित्रा थांबली.

"काय भाव?" ती पोराला म्हणाली.

"माय, यंदा भावच नाई. सारे म्हणतेत..."

"काय भाव विकला?"

"सदतीसशे."

"कोनाले इचारून?"

प्रेमानंदनं सोफ्याचं प्लास्टिक नीट केलं.

"गेल्या सालीबी सारे म्हणत होते. मी चार महिने त्या कापसात झोपली. अंग सोलून निघालं. तुही बायको खाजून खाजून रगत काढे. ते दोन लाख काय आभाळातून पडले होते? आमी दोघी बायांनी कातडं देऊन कमावले ते!" ती खुर्चीच्या हातावर मूठ आपटत होती. "अन् तू काय केलं? कापूस ठेवाची खोलीच मोडली. त्या टीव्हीवाल्याच्या घरी कापूस असते का रे? त्याले कापूस कुठी ठेवावा लागते? आपल्याले लागते! आता दर साली जे भाव व्यापारी म्हणन त्या भावानं अंगणातून उचलून द्यावं लागन. एका सालचे नाई, बापा, तू साऱ्या सालांचे पैसे या छताले लावले!"

हे प्रेमानंदच्या डोक्यात आलंच नव्हतं. कापूस घरातून जावा एवढंच त्याला हवं होतं. तो गेला की त्याच्याबरोबर वाट बघण्याची ताकदही जाते, हे चिखलीच्या काउंटरवर तो रोज दुसऱ्यांना सांगत असे. तो मटकन सोफ्यावर बसला आणि प्लास्टिक करकरलं.

*

"भाभी आल्या का?"

दारात रहेमतुल्ला मिस्त्री उभा होता. अन्नपूर्णाबाई घरी येणार हे कळलं म्हणून बघायला आला होता. चपला बाहेर काढून तो उंबऱ्यात थांबला. आत पाय ठेवला नाही.

"या मिस्त्रीभाऊ," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "तुमीच पाह्यजे होते. एक सांगा. हे छत अन् ही फरशी काढून इकता येते का?"

"नाई भाभी. फरशी काढली तं तुकडे, अन् छत काढलं तं चुना. ते गेले पैसे."

"मंग राहू द्या. दुसरं काय वापस जाते?"

मिस्त्रीनं नजर फिरवली. "टीव्ही जाइन. सोफा तं उघडलाच नाई, तोबी जाइन. दुकानदार थोडे कापीन."

"सोफ्याच्या पैशात व्यापाऱ्याचा इसार वापस. कमी पडन ते प्रेमाच्या पगारातून." तिनं पोराकडे पाहिलं नाही. "अन् टीव्हीच्या पैशात संडास बसते का?"

"पाडलेल्या भिंतीच्या इटा मागं पडल्या हायेत, भाभी. इटा नाई घ्या लागत. खड्डा घरच्यांनी खोदला तं तीबी मजुरी वाचते. काळी माती हाये, मुरूम लागेस्तोर खोदा लागते, वरच्यावर बसवला तं दोन पावसात भिंत तडकते. भांडं, पाइप, शिमिट, टीव्हीच्या पैशात बसते. माही मजुरी कापूस विकल्यावर द्या. बारा-पंधरा दिवस."

"माय, गाडी पाचाले येऊन राह्यली," प्रेमानंद खालच्या आवाजात म्हणाला. "मी जबान देली त्याले."

"तू तुह्या मालाची जबान दे. कापूस माहा हाये. गाडी आली तं रिकामी जाइन, अन् त्याच्या पुढं तूच उभा राहशीन. भाव चढन का पडन, मले ठाव नाई. पण विकाचा कवा, ते मी ठरवीन." मग सुनेकडे वळून, "मित्रा, कापूस आत घे."

"कुठी, आई?"

"इथी. त्याच्या हॉलमधी."

संघमित्रानं क्षणभरही वाट पाहिली नाही. ती मागच्या दारानं गेली आणि कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन आली. चकचकीत फरशीवरून चालत जाऊन तिनं ते सोनेरी भिंतीच्या पायथ्याशी सोडलं. कापूस फुगून वर आला. तिच्या मागोमाग समतानं दुसरं आणलं. प्रेमानंद बघत राहिला. तिसऱ्या खेपेला तो उठला, सोफा एका कडेला ओढला आणि गाठोडं आणायला अंगणात गेला.

*

"झालं ना तुह्या मनासारखं?" पंजाबराव बायकोला म्हणाले. "आता चाल. खुर्ची ठेवतो मी मागं. मी उभा राह्यतो आडोशाले."

"नाई," ती म्हणाली. वॉकर पुढे ओढून ती उभी राहिली. "मी भाऊरावच्या इथी जाते. त्याच्या घरी संडास हाये. आपला होइस्तोर तिथीच राहीन."

पंजाबरावांना ऐकलेलं खरं वाटेना. "कुठी?"

"तुमच्या भावाच्या घरी."

"समताची माय, डोकं फिरलं का तुहं? नऊ वर्षं मी त्याच्या दारात पाय नाई ठेवला! हे घर एवढं केलं, अन् तू त्याच्याकडं जाशीन, हागाले? लोक काय म्हणतीन?"

"लोक?" ती दारात थांबली. "चाळीस वर्षं मी तांब्या घेऊन गावाबाहीर गेली. पोटुशी होती तवा गेली. बाळंतपणाच्या टाक्यांनी गेली. समताले पहिल्यांदा दिवस गेले अन् ती माहेरी आली, तवा तिले घेऊन गेली, इच्चू-काट्यात. तवा लोकांनी काय म्हटलं? अन् तुमी काय म्हटलं? आज तुमाले लोक दिसले!"

"मी म्हटलं नाई का त्याले, की संडास..."

"तुमी काई नाई म्हटलं. तुमाले दिवे आवडले."

हे तिला कसं कळलं, ते पंजाबरावांना समजलं नाही. अडीच महिने ती इथं नव्हती. ती तोवर पायरीशी पोचली होती. एकटी. समता आणि संघमित्रा दोघी मागच्या अंगणात कापसाची गाठोडी बांधत होत्या. तीन पायऱ्या होत्या आणि ठेकेदारानं त्यांनाही चकचकीत फरशी लावली होती. तिनं वॉकर पहिल्या पायरीवर ठेवला आणि तो थरथरला.

पंजाबरावांनी एका हातानं वॉकर धरला आणि दुसऱ्या हातानं तिला. तसं धरूनच दोघं अंगण ओलांडून रस्त्याकडेनं पंचवीस पावलं चालले. पंजाबरावांना ती पंचवीस पावलं नांगरटीतून चालल्यासारखी गेली.

भाऊराव ओट्यावर बसला होता. मोठ्या भावाला आपल्या दारात पाहून तो उठला, पण पुढे झाला नाही.

पंजाबरावांनी घसा खाकरला. नऊ वर्षांनी तोंडातून पहिला शब्द काढायचा तर तो कुठला, हे त्यांनी कधी ठरवलं नव्हतं. बाभळीचा असेल असं वाटत होतं.

"भाऊराव," ते म्हणाले, "तुह्या वहिनीले संडासले जायचं हाये."

भाऊरावनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग वॉकरकडे. "कौशल्या!" त्यानं आत हाक मारली. "वहिनी आल्या. पाण्याची बादली ठेव."

कौशल्याबाई धावतच आली. जावेचा हात तिनं आपल्या खांद्यावर घेतला आणि अंगणाच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या दारापर्यंत नेलं. आत सरकारी योजनेतलं साधं भांडं होतं, पण भाऊरावच्या सासऱ्यासाठी त्यावर कधीतरी सिमेंटची बैठक बांधून घेतली होती. वॉकर आत बसत नव्हता. कौशल्याबाईनं तिला धरून बसवलं, बादली हाताशी ठेवली आणि बाहेर येऊन दार लोटलं. आतून कडी लागली.

ओट्यावर दोघे भाऊ एकमेकांकडे न बघता उभे होते. "खड्डा खोदा लागते," पंजाबराव म्हणाले. "मिस्त्री म्हणे, मुरूम लागेस्तोर."

"पाच हात जावं लागते," भाऊराव म्हणाला. "मी खोदला होता." मग ओट्याच्या कोपऱ्याकडे बोट करून तो म्हणाला, "माही कुदळ घेऊन जा. तुमची बोथट असन."

बराच वेळ झाला. कौशल्याबाई दाराशी वॉकर धरून उभी होती. पाण्याचा आवाज येऊन गेला होता, तरी कडी निघाली नाही. बाई आत पडली तर नसेल?

"बाई," तिनं हाक मारली. "झालं का? काही होऊन राह्यलं का?"

"नाई." आतून आवाज आला, अडखळत. "बाहीर कोनी येऊन राह्यलं का?"

"कोनी नाई."

"पक्कं?"

"कडी लावली ना तुमी?"

"हो."

"मंग बसा निवांत," कौशल्याबाई म्हणाली, आणि दाराकडे पाठ करून तिथंच उभी राहिली.